खेळाडूची पारख : मोजमाप, संधी आणि न्याय

वर्गातील हुशार मूल ओळखण्याच्या काही ठरलेल्या रीती आपल्याकडे आहेत. गुणपत्रिका आहे, शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे. मैदानावरील गुणी मूल ओळखण्याची रीत मात्र बहुतेक खेड्यांत 'पोरगा चपळ आहे' या एका वाक्यापाशी थांबते. चपळ म्हणजे नेमके काय? आज चपळ असलेला मुलगा उद्या खेळाडू होईल का? आणि जो आज मागे पडतो, त्याच्यात काहीच नाही असे म्हणता येईल का? आंधळगावसारख्या ठिकाणी हे प्रश्न करमणुकीचे नाहीत. शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणापासून दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपर्यंत अनेक दारे क्रीडागुणांनी उघडतात. विणकराच्या, शेतमजुराच्या आणि विडी कामगाराच्या घरातील मुलाला त्या दारापर्यंत पोहोचवायचे असेल, तर त्याची पारख कशी होते हे शिक्षकांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

पारख्याची वही

खेळाडू हेरण्याचे शास्त्र सर्वांत तपशीलवार विकसित झाले ते अमेरिकेतील बेसबॉल या खेळात. हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलबरोबर बेसबॉलचाही समावेश आहे. अमेरिकेत माध्यमिक शाळेचा सामना सुरू असताना मैदानाच्या कडेला वही, स्टॉपवॉच आणि चेंडूचा वेग मोजणारे यंत्र घेऊन काही माणसे बसलेली असतात. त्यांना 'स्काउट' म्हणतात. आपल्याकडे स्काउट म्हटले की खाकी गणवेश आणि गळ्यातला स्कार्फ आठवतो. तेथे त्याचा अर्थ व्यावसायिक संघासाठी खेळाडू शोधणारा पारखी असा आहे.

हा पारखी फलंदाजी करणाऱ्या खेळाडूचे पाच गुण स्वतंत्रपणे तपासतो : चेंडूवर फटका अचूक बसवण्याची क्षमता, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेकीचे बळ. चेंडू टाकणाऱ्याची तपासणी वेगळी होते. त्यात वेग, चेंडूंचे प्रकार आणि नियंत्रण पाहिले जाते. प्रत्येक गुणाला 20 ते 80 या पट्टीवर आकडा दिला जातो. 50 म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील सर्वसाधारण व्यावसायिक खेळाडूची पातळी. 80 क्वचितच कोणाला मिळतात. म्हणजे शाळकरी मुलाची तुलना शेजारच्या शाळेतील मुलाशी होत नाही. ज्या उंचीवर त्याला पोहोचायचे आहे, त्या उंचीशी होते.

या पद्धतीतील सर्वांत विचारणीय भाग असा की, प्रत्येक गुणापुढे दोन आकडे लिहिले जातात. पहिला आजचा, दुसरा उद्याचा. सतरा वर्षांच्या मुलाच्या फटक्यातील ताकदीपुढे 30 आणि 60 असे आकडे असतील, तर त्याचा अर्थ असा : आज ही ताकद फारच तोकडी आहे, पण शरीर भरल्यावर आणि योग्य शिक्षण मिळाल्यावर ती सरासरीच्या वर जाईल. हा दुसरा आकडा लिहिताना पारखी मुलाच्या खांद्यांची रुंदी, हातापायांची लांबी, हालचालीतील सहजता पाहतो. आई-वडिलांची शरीरयष्टीही लक्षात घेतो. कोणता दोष शिकवून जाईल आणि कोणता राहील, याचा अंदाज बांधतो. आपल्या शाळांतील निवड बहुधा पहिल्याच आकड्यावर होते. जो आज जिंकला, तो संघात. दुसरा आकडा लिहिण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही.

हा दुसरा आकडा चुकतोही. माइक पियाझा या खेळाडूची 1988च्या निवड प्रक्रियेत 62व्या फेरीत, 1390व्या क्रमांकावर निवड झाली, तीही कुटुंबाच्या ओळखीतील एका प्रशिक्षकाच्या शब्दाखातर. पुढे 2016मध्ये त्याच खेळाडूला बेसबॉलचा सर्वोच्च सन्मान मानल्या जाणाऱ्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. हजाराहून अधिक मुले त्याच्याआधी निवडली गेली होती. तेव्हा मोजमाप हवेच. पण मोजमाप हा अंतिम निकाल नव्हे.

नजरेवरची झापड

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याहून मोठी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पारख्याची नजर कितीही तयार असली, तरी समाजाने तिच्यावर झापड बांधलेली असू शकते.

वर सांगितलेली 20 ते 80ची पट्टी रूढ करण्याचे श्रेय सहसा ब्रँच रिकी यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल संघांनी कृष्णवर्णीयांना दारे बंद केली होती. पारखी होते, स्टॉपवॉच होते, कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धांत उत्तमोत्तम खेळाडूही होते. पण त्यांच्या नावापुढे आकडा लिहायचाच नाही, असा अलिखित नियम होता. याच रिकी यांनी 1945मध्ये क्लाइड सुकफोर्थ या पारख्याला जॅकी रॉबिन्सन यांच्याकडे पाठवले आणि 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरले. त्यांचे गुण त्या दिवशी निर्माण झाले नव्हते. ते पाहण्याची परवानगी तेवढी उशिरा मिळाली होती.

आपल्याकडील उदाहरण याहून जुने आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील क्रिकेटपटू. जन्म 1876, धारवाडचा. पुण्यात युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखणे, जाळी लावणे अशा कामांवर ते होते. पगार महिना चार रुपये. सरावासाठी गोलंदाज हवा म्हणून तेथील साहेब त्यांच्याकडून चेंडू टाकून घेत. त्यांत जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज होते. डावखुऱ्या बाळूंची फिरकी अशा उत्तम फलंदाजांसमोर तासन्‌तास घासली गेली आणि तयार झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपीयांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सहकारी झेलत. पण चहा त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही दीर्घ वादानंतर. राजकारणात बाळू पुढे काँग्रेसच्या बाजूने गेले आणि 1937च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. त्या मतभेदाने त्यांच्या खेळाचे मोल कमी होत नाही आणि त्यांच्यावर झालेला अन्यायही पुसला जात नाही.

या उदाहरणातून एक व्यावहारिक धडा मिळतो. बाळूंच्या गोलंदाजीची पारख ग्रेग यांना झाली होती, हिंदू संघालाही झाली होती. ज्या गुणाचा उपयोग होता, तेवढा गुण त्यांनी उचलला. नेतृत्व, डावपेच, फलंदाजी या गुणांकडे कोणी पाहिलेच नाही. आजही आपली मुले 'काटक' म्हणून लांब पल्ल्याच्या धावण्याला लावली जातात आणि संघनायक, यष्टिरक्षक, चेंडू खेळवणारा अशा बुद्धी लागणाऱ्या जागांवर दुसऱ्यांचा विचार आधी होतो, असे दिसले तर शिक्षकाने थांबून स्वतःच्या नजरेची तपासणी केली पाहिजे.

कच्चा माल आणि शिकवता येणारी गोष्ट

आता अलीकडचे आणि जवळचे उदाहरण घेऊ. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा उमेश यादव. सैन्यात आणि पोलिसांत भरती होण्याचे त्यांचे प्रयत्न सफल झाले नाहीत. टेनिस चेंडूवर ते वेगाने गोलंदाजी करीत. चामड्याचा चेंडू हाती आला तेव्हा ते जवळजवळ वीस वर्षांचे होते. 2008मध्ये ते विदर्भाकडून रणजी सामना खेळले आणि 2011मध्ये भारताकडून कसोटी खेळणारे विदर्भाचे पहिले खेळाडू ठरले.

वीस वर्षांच्या उमेश यादव यांना आजच्या कौशल्यावर गुण द्यायचे असते, तर दिशा आणि टप्पा या दोन्ही बाबतीत ते कमीच मिळाले असते. पण त्यांच्याकडे वेग होता. वेग हा बहुतांशी अंगचा असतो. दिशा आणि टप्पा सरावाने येतात. विदर्भाच्या जाणत्या खेळाडूंनी हा भेद ओळखला, म्हणून ते पुढे आले. जे शिकवता येते ते आज नसले तरी चालेल. जे शिकवणे कठीण आहे ते आहे का, हे आधी पाहावे.

या नियमाची मर्यादाही समजून घ्यावी. 2008मध्ये एका अमेरिकी क्रीडा व्यवस्थापकाने भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची शोधस्पर्धा घेतली. यंत्रासमोर चेंडू फेकायचा, वेग मोजायचा. त्यातून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशी करारबद्ध झाले. त्यापूर्वी त्यांनी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. ग्रामीण भारतातील मुलांच्या खांद्यात केवढे बळ आहे, हे त्यांनी सिद्ध केले. तथापि दोघेही खालच्या श्रेणीतच खेळले; सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचले नाहीत. बालपणापासून खेळ अंगी मुरायला जी दहा-बारा वर्षे लागतात, ती एका गुणाने भरून निघत नाहीत. म्हणूनच पारख लवकर सुरू व्हावी आणि ती एका आकड्यावर थांबू नये.

आपल्या मैदानावर काय मोजता येईल?

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयोगटातील मुलामुलींची निवड करण्यासाठी जी चाचणी घेतली जाते, तिला 'बॅटरी टेस्ट' म्हणतात. तीत नऊ बाबी येतात : उंची, वजन, लवचिकता, 30 मीटर धावणे, 6 गुणिले 10 मीटर शटल रन, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेक आणि 800 मीटर धावणे. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोजपट्टी, चुना, स्टॉपवॉच आणि एक मेडिसिन बॉल पुरेसा आहे. 30 मीटरमधून शुद्ध वेग कळतो. शटल रनमधून थांबण्याची, वळण्याची आणि पुन्हा वेग घेण्याची क्षमता कळते, जी कबड्डी व खो-खोसाठी मोलाची आहे. उड्यांतून पायांचा स्फोटक जोर, मेडिसिन बॉलमधून खांद्या-कमरेचे बळ आणि 800 मीटरमधून दम समजतो.

या आकड्यांना गावच्या खेळांची जोड द्यावी. विटीदांडूत हवेत उडालेली विटी वारंवार अचूक टोलवणारे मूल डोळा आणि हात यांचा मेळ दाखवते. लगोरीत दुरून नेम साधणारे मूल फेकीतील नियंत्रण दाखवते. बेसबॉलचा पारखी ज्या पाच गुणांसाठी मैलोन्‌मैल फिरतो, ते गुण आपल्या मुलांच्या मधल्या सुट्टीत दिसत असतात.

निवड करताना मात्र काही गोष्टी विसरता कामा नयेत.

पहिली गोष्ट वयाची. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि गणना 1 जानेवारीपासून होते. जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येते. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाच्या वाढीचे अंतर असते. कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासकांनी 1980च्या दशकात दाखवून दिले की, निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे प्रमाण ठळकपणे जास्त असते. आधी जन्मलेले मूल मोठे दिसते, म्हणून निवडले जाते. निवडले जाते म्हणून प्रशिक्षण मिळते. आणि मग ते खरोखरच पुढे जाते. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. दाखल्यावर '1 जून' ही तारीख असलेली किती मुले आपल्या हजेरीपटावर होती, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. पालकांनी जन्माची नोंद ग्रामपंचायतीत वेळेवर करावी आणि मूळ दाखला जपावा. वरच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेऊन वय पडताळले जाते. कागदावरची चूक तेथे मुलाला भोवते.

दुसरी गोष्ट वाढीची. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. या काळात धावणे काही महिने बेढब होते, जुना वेग घटल्यासारखा वाटतो. अशा वेळी मुलाला संघातून वगळणे ही घाई होय. मुलींच्या बाबतीत तर नेमक्या याच वयात 'आता पुरे झाले खेळणे' असे घरून सांगितले जाते. मासिक पाळी सुरू झाली म्हणून खेळ थांबवण्याचे कारण नाही; स्वच्छतेची सोय, योग्य कपडे आणि विश्वासाची एक शिक्षिका असली की मुली मैदानावर टिकतात.

तिसरी गोष्ट रक्ताची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींत. लवकर दमणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाचा व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा. केवळ वाहक असलेले मूल खेळू शकते. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने धावणे त्याच्यासाठी धोक्याचे ठरू शकते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने 2010पासून आपल्या प्रथम श्रेणीच्या खेळाडूंसाठी या तपासणीचा नियम केला, तो मुलांना बाहेर काढण्यासाठी नव्हे, त्यांना सुरक्षितपणे खेळवण्यासाठी. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची सोय आहे. 800 मीटरच्या चाचणीआधी ती व्हावी आणि चाचणी सकाळी लवकर घ्यावी.

चौथी गोष्ट अतिवापराची. चांगला हात सापडला की सगळे त्याच हाताला राबवतात. बेसबॉलमध्ये 13 ते 16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात 95पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस ठरलेले आहेत. आपल्या वेगवान गोलंदाजाची किंवा भालाफेक करणाऱ्या मुलीची अशी मोजदाद कोणी ठेवते का?

निवासी शाळेचे बळ

बाहेरचा पारखी मुलाला दोन-तीन दिवस पाहतो. निवासी शाळा त्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत, वर्षानुवर्षे पाहते. हरल्यावर तो दुसऱ्या दिवशी मैदानावर येतो का, चूक सांगितल्यावर ती सुधारतो का, लहान मुलांना खेळात घेतो का, पोटभर जेवतो का, हे शिक्षक, अधीक्षक आणि स्वयंपाकघरातील मावशी यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. बेसबॉलचे पारखीही स्वभावाची स्वतंत्र नोंद करतात. पण ती ऐकीव माहितीवर. आपल्याकडे ती रोजच्या सहवासातून करता येते.

म्हणून प्रत्येक मुलाची एक क्रीडा नोंदवही असावी. दर तीन महिन्यांनी उंची, वजन आणि चार-पाच चाचण्यांचे आकडे तारखेसह लिहावेत. उदाहरणादाखल दोन मुली घेऊ. एक 30 मीटर 5 सेकंदांत धावते आणि वर्षाने 4.9 सेकंदांत. दुसरी 5.6 सेकंदांवरून वर्षाने 5.1 सेकंदांवर येते. एका दिवसाच्या निवडीत पहिलीच जिंकेल. वही मात्र सांगेल की दुसरीकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ती रोवणीच्या दिवसांत घरी राहून आठ दिवस चिखलात वाकून आली असेल, तर तेही वहीत लिहावे. ज्या मुलाला काहीच मिळाले नाही, त्याने जे करून दाखवले त्याचे मोल अधिक. हे दयेपोटी म्हणायचे नसून अचूक पारखीसाठी म्हणायचे आहे.

पारख झाली तरी काम निम्मेच होते. खाशाबा जाधव यांच्या अंगचे बळ कऱ्हाड-कोल्हापूरला ठाऊक होते. तरी 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांनी घर गहाण ठेवावे अशी अपेक्षा नाही. एक स्टॉपवॉच, एक मोजपट्टी, दोन मेडिसिन बॉल, मुलींसाठी बुटांचे काही जोड, तालुका व जिल्हा स्पर्धेला जाण्याचे एसटीचे भाडे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. जे पोलीस दलात, सैन्यात, आरोग्य खात्यात आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा : कोणी धावण्याची वेळ नोंदवावी, कोणी रक्ततपासणीचे शिबिर घडवून आणावे, कोणी प्रबोधिनीच्या निवड चाचणीची सूचना वेळेवर शाळेला कळवावी. जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतात. येत्या सत्राच्या पहिल्याच पंधरवड्यात सर्व मुलामुलींची पहिली नोंद झाली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपल्यापाशी एका वर्षाचे आकडे असतील आणि कोणत्या मुलापुढे कोणता दुसरा आकडा लिहायचा, याची चर्चा आपण पुराव्यानिशी करू शकू.